वाचकांचे प्रश्न: आलापात कोमल निषाद कुठवर कोमल राहतो?

प्रश्न: परदेशात व्हायोलिन शिकणाऱ्या भाचीसाठी मी देस रागाचा आलाप म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाफवर, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या पाच आडव्या रेघांवर, लिहून काढला. षड्ज 'सी' धरला. आलापाला ताल नाही, म्हणून खंड पाडणाऱ्या सगळ्या उभ्या रेघा अदृश्य केल्या. संगणकावर ऐकताना सारे बरोबर वाजते, पण भाचीने आरोहातला शुद्ध निषाद दोन ठिकाणी कोमल वाजवला. चूक कुठे झाली? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: चूक भाचीची नाही. आपल्याकडच्या भातखंडे स्वरलेखन पद्धतीत कोमल स्वराखालची आडवी रेघ त्या एका स्वरापुरती असते, तर स्टाफवरचे फ्लॅटचे, म्हणजे कोमलाचे, चिन्ह पुढची उभी रेघ येईपर्यंत त्याच जागेवरच्या प्रत्येक स्वराला लागू राहते. आपण रेघ अदृश्य केली, तरी सॉफ्टवेअरच्या हिशेबात ती तिथेच आहे. रेघ ओलांडली की फ्लॅट संपला असे मानून ते पुढचा शुद्ध निषाद चिन्हाविना छापते, आणि वाचणाऱ्याला मात्र रेघच दिसत नसल्यामुळे मागचा फ्लॅट अजून चालू आहे असेच त्याला वाटते. देसमध्ये तर 'म प नि सां' असे शुद्ध निषादाने चढून लगेच कोमल निषादाने 'सां नि ध प' असे उतरायचे असते, त्यामुळे हा घोळ पावलोपावली होतो.

रेघा काढून सगळा आलाप एकाच लांबलचक मेझरमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या खंडात) घातला, तर उलटी अडचण येते. पहिल्या ओळीतला फ्लॅट चौथ्या ओळीतही लागू राहतो, तिथला कोमल निषाद चिन्हाविना छापला जातो, आणि इतक्या मागचे चिन्ह लक्षात ठेवून वाजवणे कुणालाही कठीण आहे.

म्हणून माझा आग्रह असा की, तालाविना लिहिताना दोन रूपांत येणाऱ्या स्वराला प्रत्येक वेळी चिन्ह द्यावे, कोमलाला फ्लॅट आणि शुद्धाला नॅचरल. म्यूझस्कोरमध्ये स्वर निवडून पॅलेटमधल्या चिन्हावर क्लिक केले की, नियमाने गरज नसली तरी ते छापले जाते. शेवटच्या 'ग नि सा' मधला मंद्र निषाद वेगळ्या सप्तकातला असल्यामुळे वरच्या फ्लॅटचा त्याच्याशी काही संबंध नाही, तरीही तिथे नॅचरल लिहावा. भाचीला क्षणभरही थांबावे लागणार नाही.

मेझरची लांबी गुणधर्मांच्या खिडकीत 'प्रत्यक्ष कालावधी' बदलून वाढवता येते, किंवा इन्सर्ट पद्धतीने स्वर घातले की ती आपोआप वाढते. माझ्या मते एका श्वासाच्या फ्रेजला एक मेझर ठेवावे आणि तिच्या शेवटी तुटक रेघ दाखवावी, म्हणजे चिन्ह कुठे संपले हे वाजवणाऱ्यालाही दिसते.

जाता जाता, षड्ज 'सी' धरलात हे फार चांगले केलेत. हार्मोनियमची काळी चार हा सूर षड्ज धरून 'जी शार्प' म्हणून लिहिला असता, तर शुद्ध निषादासाठी 'एफ'ला दुहेरी शार्प (सूर अर्ध्या स्वराने दोनदा चढवणारे चिन्ह) द्यावा लागला असता. तोच सूर 'ए फ्लॅट' म्हणून लिहिला, तर शुद्ध निषाद साधा 'जी' आणि कोमल निषाद 'जी फ्लॅट' होतो.

प्रश्न: लिलीपाँड या आज्ञा टंकून स्वरलेखन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॅडेन्झा ऑन' ही आज्ञा दिल्यावर आलाप कागदाच्या कडेबाहेर गेला आणि स्वरांच्या शेपट्या जोडल्या जाईनात. (एक वाचक, पुणे)

उत्तर: या आज्ञेने उभ्या रेघा थांबतात, आणि लिलीपाँड ओळ तोडते ती फक्त उभ्या रेघेवरच. त्यामुळे प्रत्येक फ्रेजनंतर 'बार'ची आज्ञा रिकाम्या अवतरणचिन्हांसह द्यावी. रेघ दिसणार नाही, पण ओळ तोडायला जागा मिळेल. शेपट्या जोडण्याचे कामही या आज्ञेने बंद पडते, म्हणून त्या चौकटी कंसांनी हाताने जोडाव्या लागतात. चिन्हांसाठी 'फर्गेट' ही शैली निवडावी, म्हणजे आधीचे चिन्ह लक्षात न ठेवता प्रत्येक कोमल स्वराला फ्लॅट छापला जाईल. शुद्ध निषादाला मात्र ही शैली स्वतःहून नॅचरल देत नाही. तिथे स्वराच्या नावापुढे उद्गारचिन्ह टंकावे.