एकाचं ऐकून बाकीचीही ढासळतील का?

बालगृहात मुलांना एकत्र बसवून बोलतं करणारा समुपदेशनाचा गट सुरू करायचा म्हटलं की अधीक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, एकेकट्याशीच बोला ना. एकत्र बसवलंत तर एकाचं ऐकून बाकीचीही ढासळतील." काही जण त्यापुढे जाऊन म्हणतात, बिघडतील.

ही भीती मी उडवून लावत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं होतं की, वागण्याच्या तक्रारी असलेल्या किशोरांना एकत्र बसवलं की कधीकधी त्या तक्रारी वाढतात. कुणी नियम मोडल्याचं सांगतो, बाकीचे हसतात आणि ते हसणंच बक्षीस ठरतं. म्हणून माझ्या गटात आम्ही दोघी असतो. एक बोलणाऱ्याकडे लक्ष देते, दुसरी ऐकणाऱ्यांकडे.

एका गटाबद्दल सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. १४ ते १७ वयाची सात मुलं, आठवड्यातून एकदा, एकूण बारा बैठका. पहिल्याच दिवशी फळ्यावर १ ते १२ आकडे लिहिले. दर बैठकीनंतर एक खोडायचा.

'इथलं बोलणं बाहेर जाणार नाही' असं आश्वासन मी दिलं नाही. ही मुलं रात्री एकाच खोलीत झोपतात, मी कुणाकुणाची हमी घेणार? हमी फक्त माझी आणि माझ्या सहकारी ताईची, आणि तीही जिवाला धोका नसेल तोवर. नियम मुलांनीच केला : गटातलं बोलणं भांडणात काढायचं नाही. हा नियम माझ्या डोक्यात आलाच नसता.

तिसऱ्या बैठकीत मी चुकले. कधी तोंड न उघडणारा एक मुलगा घरातल्या मारहाणीबद्दल बोलू लागला. बोलतोय म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी त्याला थांबवलंच नाही. समोरचा १४ वर्षांचा पोरगा नखाशेजारची कातडी सोलत होता. रक्त आलं तेव्हा सहकारी ताई उठून त्याच्याशेजारी जाऊन बसली. त्या रात्री तो झोपला नाही. सकाळी अधीक्षकांचा फोन, "मी म्हटलं नव्हतं?"

म्हटलं होतं, खरंच. पण गट बंद केला असता तर बोललेल्या मुलाला एकच गोष्ट कळली असती : माझं दुःख इतकं घाण आहे की लोकांना झोप लागत नाही. चौथ्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी. वेळेत थांबवणं माझं काम होतं." तेव्हापासून, काय घडलं याचा तपशील माझ्याशी एकट्याने बोलायचा आणि त्यामुळे आज काय होतं ते गटात, असं ठरलं. लहानग्याला मी वेगळं भेटत राहिले. पुन्हा गटात यायचं की नाही, ते त्याच्यावर सोडलं. एक बैठक चुकवून तो आला.

'आज काय होतं' म्हणजे काय, ते सहाव्या बैठकीत कळलं. मारहाणीबद्दल बोललेला तोच मोठा मुलगा म्हणाला, "माझी बॅग कायम भरलेली असते. पलंगाखाली. चेनसुद्धा लावलेली." खोलीत शांतता. मग लहानगा म्हणाला, "मी तर बूट उशाशी घेऊन झोपतो." एकेक करत पाच जणांचं असंच काहीतरी निघालं. 'हे माझ्याच वाट्याला नाही' ही जाणीव गटात कामी येते, असं गट-उपचारांवर लिहिणारे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी नोंदवलं आहे. मला विचाराल तर या मुलांबाबत तिचं वजन दुप्पट असतं. आमच्यासारख्या ताया येतात, फाईल वाचतात आणि बदलून जातात. शेजारच्या पलंगावरचा मात्र पगार घेऊन ऐकत नाही.

अधीक्षकांना मी आता एवढंच सांगते : ऐकून मुलं हलतात. त्यानंतरची रात्र कोण सांभाळणार, ते आधी ठरवू. गटाच्या दिवशी मुलांच्या विश्वासातला काळजीवाहक ड्युटीवर हवा. ते जमत नसेल, तर गट नको.

बाराव्या बैठकीत त्या मोठ्या मुलाने विचारलं, "आता तुम्हीपण जाणार ना?"

"हो. पण कधी, ते तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

तो फळ्यापाशी गेला, शेवटचा आकडा खोडला. "पुढच्या गटात मी लहान पोरांसोबत बसू का? न बोलणाऱ्यांकडे बघायला?"

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. सहकारी ताई हो म्हणते, मी साशंक आहे.