फुकटचं सरपण: काय उचलावं, काय सोडावं

प्रश्न: वळवाच्या पावसात आमच्या रस्त्यावरची झाडं पडली. तुकडे करून कडेला रचलेत, पाला केव्हाच झडलाय. पाण्याच्या बंबासाठी न्यायचे, तर कुठलं लाकूड कशाचं हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: आधी उद्यान विभागात विचारा. पडलेलं लाकूडही पालिकेचंच असतं, अनेकदा त्याचा लिलाव होतो. उभ्या झाडाला कोयता लावायचा, तर १९७५च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

आता ओळख. कापलेलं तोंड उन्हाने काळवंडतं, म्हणून कोयत्याने एक ढलपी काढून आतला ताजा रंग पाहा. बाभळीची साल काळपट, उभ्या खोल भेगांची. आतलं लाकूड तांबूस, कडेचं फिकट आणि बारीक फांद्यांवर जोडीजोडीने सरळ पांढरे काटे. दिसली की आधी तीच उचला. चिंच तितकीच जड. तिचा पिवळसर भाग मोठा आणि मधोमध लहानसा, वेडावाकडा, काळपट-जांभळा गाभा. जळते झकास, पण तिच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि कुऱ्हाड रुतून बसते. घण-पाचर नसेल तर मनगटापेक्षा जाड चिंच आणूच नका. नीलगिरीची साल लांब पट्ट्यांनी सुटते. ती ओली असतानाच फोडा, वाळल्यावर दाद देत नाही.

फसगत होते ती रेन ट्रीमध्ये. गाभा गडद चॉकलेटी, म्हणून लोक भारी लाकूड समजतात, पण वाळलं की ते बाभळीपेक्षा बरंच हलकं भरतं. भुशाने शिंकाही येतात. गुलमोहर पांढुरका-पिवळट, गाभा वेगळा दिसत नाही आणि पडून राहिला की भुंगा पोखरतो. तरी त्याला टाकाऊ म्हणू नका. वाळलेलं कुठलंही लाकूड किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देतं. गुलमोहराच्या किलोला जागा जास्त लागते आणि निखारा टिकत नाही, इतकंच. बंब पेटवायला तो उत्तम, मागून बाभूळ घाला.

बिब्बा, कण्हेर, बिट्टी आणि कुंपणाचा शेर मात्र घरात नकोच. बिब्ब्याच्या धुरानेही अंग सुजतं, कण्हेर आणि बिट्टी विषारी आहेत, शेराचा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते.

प्रश्न: दोन महिने उन्हात ठेवलेली बाभूळ धुमसते, टोकांतून फेस येतो. असं का?

उत्तर: ओंडके सालीसकट अख्खे ठेवले असणार. सालीतून पाणी फारसं निघत नाही, ते निघतं कापलेल्या तोंडांतून आणि फोडलेल्या बाजूंतून. फूटभर लांब तुकडे करा, दोन-तीन इंच जाडीचे फोडा आणि विटांवर, हवा खेळेल असे रचा. झाकण फक्त वरून. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत बुरशी धरते. फेब्रुवारीत फोडलेली बाभूळ मेअखेर जळणाजोगी होते. खात्रीसाठी एका तुकड्यावर खूण करून तो दर आठवड्याला तोला. १० किलो ओल्या लाकडात निम्मं पाणी असेल, तर जळणाजोगं झाल्यावर सव्वासहा किलोच्या आसपास उरतं. वजन उतरायचं थांबलं, दोन तुकडे आपटून खणखणीत आवाज आला, की लावा बंबाला. रासेतून लाकूड काढताना आधी काठीने हलवा, विंचवांना ही जागा फार आवडते.

प्रश्न: कारखान्याबाहेर टाकलेल्या लाकडी पॅलेट जाळल्या तर चालतील?

उत्तर: शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं लाकूड. त्यावर तेल किंवा रसायन सांडलेलं नसेल तर घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते सोडा. शिक्काच नसेल आणि माल कशाचा होता हे कळत नसेल, तर तेही सोडा. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेली दारं-चौकटी आणि हिरवट झाक असलेल्या फळ्या चुलीत-बंबात घालू नका. त्या हिरव्या झाकेत आर्सेनिक असू शकतं आणि ते राखेत उरतं. चांगल्या पॅलेटचीही राख भांडी घासायला किंवा वाफ्यात टाकण्याआधी चाळून घ्या, तिच्यात खिळे असतात.