पास कुठून कुठे काढू?

एप्रिल-मे आला की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तेच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतं: "मॅडम, टीवाय, म्हणजे पदवीचं शेवटचं वर्ष, संपतंय आणि पुढचं काहीच ठरलेलं नाही." बीए-बीकॉमची मुलं म्हणतातच, पण हातात ऑफर असलेली इंजिनिअरिंगची मुलंही म्हणतात. म्हणून तेजश्रीची गोष्ट सांगते. (नाव बदललं आहे, तिची परवानगी घेतली आहे.)

तेजश्री कळव्याची. माटुंग्याला कॉलेज, बीकॉम. वडील वागळे इस्टेटमधल्या एकाच कंपनीत सव्वीस वर्षं. पहिल्या भेटीत तिने वहीची चार पानं माझ्यासमोर ठेवली. एमकॉम, एमबीए, बँकेच्या परीक्षा, एमपीएससी, सीएस (कंपनी सेक्रेटरी). प्रत्येकापुढे फायदे-तोटे दोन रंगांत लिहिलेले. आणि शेवटी प्रत्येकावर काट.

"एवढा विचार केलास, मग अडलंय कुठे?"

"चुकीचं निवडलं तर?"

"तर काय होईल?"

"आयुष्य वाया जाईल."

पाढा म्हणावा तसं तिने हे सांगितलं. पुढच्या दोन भेटी आम्ही या वाक्याभोवतीच फिरत राहिलो. मी समजावत होते, ती मान डोलवत होती, आणि आठवड्याने पुन्हा तीच वही.

चौथ्या भेटीला ती उशिरा आली. स्टेशनवर चौकशी करायला थांबले होते, म्हणाली. प्लॅस्टिकच्या पाकिटातून रेल्वेचा पास काढून तिने टेबलावर ठेवला. कळवा ते माटुंगा, विद्यार्थी सवलतीचा, मुदत संपायला नऊ दिवस. घड्या पडून मधली अक्षरं पुसट झालेली.

"हा संपला की कॉलेजकडून फॉर्म मिळणार नाही. पूर्ण भाड्याचा काढावा लागेल. पण कुठून कुठे काढू, मॅडम?" आणि तिला रडू फुटलं.

मी तिला रडू दिलं. मला इतके आठवडे जे दिसत नव्हतं, ते त्या पासवर छापलेलं होतं. पासला दोन स्टेशनं लागतात. पहिलीपासून पंधरा वर्षं दर जूनमध्ये तिचं पुढचं स्टेशन कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असायचं. आता ती जागा रिकामी होती, आणि ती आजच, जन्मभरासाठी भरली पाहिजे असं तिने धरून ठेवलं होतं.

"पास कधी काढतात, तेजश्री?"

"रोज जायचं असेल तर."

"आणि एकदा जाऊन बघायचं असेल तर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "रिटर्न तिकीट."

"मग तू पासच्या रांगेत का उभी आहेस?"

बऱ्याच वेळाने ती हसली. इतकी वर्षं हे काम करतेय, पण असा क्षण वर्षातून चार-दोनदाच येतो. त्या दिवशी मी चालत घरी गेले, तलावपाळीला एक फेरी जास्त मारून.

तिला भीती काम करण्याची वाटत नव्हती. 'ठरलंच पाहिजे'मधल्या त्या 'च'ची वाटत होती. ज्यांच्या विचारांवर मी घडले, त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा अनुभव मी मुलांना नेहमी सांगते. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला ते घाबरत. मग न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बागेत महिनाभर जाऊन ते शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलले. भेटायला तयार झाली एकच, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली.

तेजश्रीला मी पाच रिटर्न तिकिटांचा गृहपाठ दिला. ओळखीतून पाच जणांच्या कामाच्या जागी जायचं, त्यांचा दिवस कसा जातो ते बघायचं, संध्याकाळी घरी परत. शिवाय बाबांना विचारायचं, बाविसाव्या वर्षी तुम्हाला काय माहीत होतं? कळलं ते असं की या कंपनीआधी त्यांनी दोन नोकऱ्या सोडल्या होत्या, त्यातली एक अकरा दिवसांत. घरात गोष्ट सांगितली जायची ती फक्त सव्वीस वर्षांची.

तुमच्यातल्या ज्यांना 'वेळ निघून गेली' असं वाटतं, त्यांनी आकडे बघा. एमपीएससी राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आहे. म्हणून वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसा असं मी म्हणत नाही. किती प्रयत्न करणार ते आधीच कागदावर लिहून घरच्यांना दाखवा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांनाही विद्यावेतन घेऊन प्रत्यक्ष काम शिकता येतं. हा रस्ता बीए-बीकॉमच्या मुलांना कोणी सांगत नाही, याची मला फार खंत आहे. आई-बाबांनो, रोज जेवताना 'मग पुढे काय?' विचारू नका. आठवड्यातला एक वार ठरवा.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर करिअर बाजूला ठेवा आणि आधी मदत घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो.

सहाव्या भेटीत तेजश्रीने पाच तिकिटं रबरबँड लावून आणली. प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरात नोंद. तुर्भे: गोदामातलं बिलिंग, आवाज फार, नको. वाशी: सीएचं ऑफिस, काम किचकट, पण डबा सगळे एकत्र खातात. रबाळ्याच्या तिकिटामागे एक फोन नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, 'सोमवारी परत'.