फायनान्सचं बॅचलर्स-मास्टर्स एकत्र करायचंय? आधी आय-ट्वेंटीवरचा कोड बघ

तू विचारलंस की कोल्हापुरात बारावी कॉमर्स चालू आहे, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं माहितीपत्रक आलंय, फायनान्सचं बॅचलर्स आणि मास्टर्स मिळून पाच वर्षांत, ‘एक वर्ष वाचतं’ असं त्यात लिहिलंय आणि बाबा कर्ज काढायला तयार आहेत. तर जावं का? मी मूळची मिरजेची. अशाच एकत्र कोर्सने २०१८ मध्ये मास्टर्स झाले, आता न्यू जर्सीत राहते आणि एका बँकेच्या क्रेडिट रिस्क विभागात काम करते. जे मला सतराव्या वर्षी कुणी सांगितलं नाही ते सगळं सांगते.

आधी ते वाचणारं वर्ष. अमेरिकेत बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर खात्यात जमा होणारे गुणांक) लागतात, फायनान्सच्या मास्टर्सला ३० ते ३६. एकत्र कोर्समध्ये चौथ्या वर्षी मास्टर्सचे तीन-चार विषय घेऊ देतात आणि ते दोन्ही पदव्यांत मोजतात. म्हणजे ९ ते १२ क्रेडिट दोनदा करावे लागत नाहीत. हा फायदा खरा आहे, त्यातून दीड वर्षाचं मास्टर्स एका वर्षात बसतं. पण हा हिशोब तिथल्या मुलांचा. तुझ्यासमोरचा दुसरा रस्ता म्हणजे इथे तीन वर्षांचं बीकॉम आणि मग तिकडे दीड वर्षाचं एमएस, म्हणजे मास्टर्स. एकूण साडेचार वर्षं. मग तुझं वर्ष वाचलं कुठे? उलट तीन वर्षांची फी रुपयांऐवजी डॉलरमध्ये भरायची. (काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी चालवून घेत नाहीत, हे खरं. पण बरीच घेतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे चौथं वर्ष करायची सोयही आता आहे.)

तरीही बॅचलर्सपासून जाण्यात एक मोठी गोष्ट मिळते, ती म्हणजे उन्हाळे. फायनान्समधली नोकरी तिकडे बहुतेक वेळा इंटर्नशिपमधून लागते, आणि महत्त्वाचा उन्हाळा तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मधला. मोठ्या बँका त्यासाठीची निवड वर्षभर आधीच उरकतात. दीड वर्षाच्या एमएसला आलेल्या मुलाच्या हाती एकच उन्हाळा लागतो, तोही नवखा असताना. म्हणून जाणार असशील तर पाच वर्षांचाच कोर्स घे. काही ठिकाणी तो चार वर्षांत दाबून बसवतात. तिथे उन्हाळे वर्गात जातात आणि ज्यासाठी एवढे पैसे घातले तेच हातचं जातं.

आणखी एक. पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला म्हणजे मास्टर्स पक्कं, असं बहुतेक ठिकाणी नसतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास पुन्हा अर्ज करावा लागतो आणि जीपीए (४ पैकी सरासरी गुण) बघतात, ३.० ते ३.५ च्या दरम्यान कुठेतरी अट असते. जीआरई-जीमॅट ही प्रवेश परीक्षा मात्र आपल्याच विद्यार्थ्यांना बऱ्याचदा माफ असते. बोस्टनजवळच्या ब्रँडाइसमध्ये आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र आणि फायनान्सचा पाच वर्षांचा असा रस्ता आहे. टेक्सास ए अँड एममध्ये अकाउंटिंगच्या बॅचलर्सला फायनान्सचं मास्टर्स जोडता येतं. त्यामागे सीपीए (तिकडचे सीए) परवान्याची १५० क्रेडिटची जुनी अट आहे. (आता काही राज्यं दुसरा मार्गही देऊ लागली आहेत.)

आता कोडबद्दल. माझी आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ पाठवतं तो प्रवेशाचा कागद) आली तेव्हा बाबांनी ती देवघरात ठेवली होती, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लागलं होतं. पहिल्याच पानावर विषयाच्या नावापुढे छापलं होतं: ५२.०८०१. घरातल्या चौघांनी तो कागद वाचला, त्या आकड्यावर कुणाची नजर थांबली नाही. ५२.०८०१ म्हणजे साधं फायनान्स, आणि ते अमेरिकी सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही. शिक्षणानंतर काम करायची परवानगी, म्हणजे ओपीटी, मला १२ महिने मिळाली. माझी खोलीतली मैत्रीण फायनान्शियल मॅथेमॅटिक्सची, कोड २७.०३०५, तो यादीत आहे. तिला वर २४ महिने वाढीव. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक सोडतीत तिला तीन संधी मिळाल्या, मला एक. माझं नाव निघालं नाही. कंपनीने टोरांटोला पाठवलं म्हणून वाचले. वर्षभराने एल-वनवर, म्हणजे कंपनीतल्या बदलीच्या व्हिसावर, परत आले. विषय बरेचसे तेच, पुस्तकं जवळजवळ तीच, प्राध्यापकही दोघे सामाईक. मी मॅथ्सचे तीन विषय जास्त घेतले असते तर बदल शक्य होता, पण कोडचा विषय सल्लागाराने चार वर्षांत एकदाही काढला नाही. त्याची सल अजून आहे.

२०२२ पासून फायनान्शियल अॅनालिटिक्सही त्या यादीत आलंय, त्यामुळे आज निवड जास्त आहे. मास्टर्सचा कोड स्टेम नसला तरी बॅचलर्सचा असेल, तर त्या आधीच्या पदवीवरही वाढीव मुदत मागता येते. आणि ओपीटी प्रत्येक पातळीला वेगळी असते: बॅचलर्सनंतर थेट मास्टर्सला गेलीस किंवा गेलास, की बॅचलर्सचे १२ महिने सोडून दिल्यासारखेच. हे ठरवून सोड, नकळत नको.

बारावीला मॅथ्स घेतलंय की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)? हा प्रश्न मी मुद्दाम विचारतेय. एसपी असेल तर पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस अंगावर येईल, आणि स्टेम कोडचे फायनान्स कोर्स गणितावरच उभे असतात. आत्ता जूनपर्यंत वेळ आहे, शिकवणी लाव.

पैशांचं थोडक्यात. शिष्यवृत्ती बहुतेक वेळा बॅचलर्सपुरती असते, पाचव्या वर्षी थांबते. बाबांना कर्जाचा आकडा पाच वर्षांचा मांडायला सांग, चारचा नको. चौथ्या वर्षात मास्टर्सचे विषय घेताना फी बॅचलर्सच्या दराने लागते की मास्टर्सच्या, हे लेखी विचार, कारण तिथे खरी बचत होते. कॅम्पसवरचं काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच, त्यातून किराणा निघतो, फी निघत नाही.

माझं मत विचारशील तर: दोन्ही पदव्यांपैकी निदान एकीचा कोड स्टेम असेल, आणि पाचही वर्षांचे पैसे घर गहाण न टाकता उभे राहत असतील, तर जा. नाहीतर पुण्यात किंवा मुंबईत बीकॉम कर, मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं कर, मग एमएसला ये.

आज त्या विद्यापीठाला तीन ओळींची ईमेल पाठव: दोन्ही पदव्यांचे सीआयपी कोड (आय-ट्वेंटीवरचा तोच विषयाचा आकडा) कोणते, चौथ्या वर्षाची फी कोणत्या दराने, आणि मास्टर्सच्या वेळी नवी आय-ट्वेंटी कधी निघते. उत्तर आलं की मला दाखव. बाबांना बोलायचं असेल तर माझ्या शनिवारी रात्री, तुमच्याकडे रविवारची सकाळ असते तेव्हा, मी फोनवर असते.