मुलगा वडिलांसमोर शहाणा आणि आईसमोर आदळआपट करणारा, असं का होतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. पप्पा घरात असले की गुपचूप अभ्यास. ते बाहेर पडले की दप्तर भिरकावणं, धाकट्या बहिणीला ओरबाडणं, शाळेतूनही तक्रारी. पप्पांचा हात लवकर उठतो. सासूबाई म्हणतात, आईने लाडावून ठेवलाय, बापाच्या धाकानेच सरळ होईल. चुकतंय कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

मी शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिली-दुसरीला शिकवतो. अशी मुलं माझ्या वर्गात नेहमी असतात. तो तुमच्यासमोर आदळआपट करतो म्हणजे तुम्ही त्याला बिघडवलं, असं मनातही आणू नका. कोंडलेला राग पोर तिथेच काढतं, जिथे आपल्याला कोणी टाकून देणार नाही याची त्याला खात्री असते.

एक मुलगा होता. मी फळा पुसायला हात वर केला की पहिल्या रांगेतून त्याचं कोपर डोळ्यांपुढे यायचं. मी त्याला कधी बोटही लावलं नव्हतं. आणि हाच मुलगा मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत पहिलीच्या पोरांना ढकलून त्यांची ताटं सांडायचा. त्याचे वडील मात्र मनापासून सांगायचे, "सर, घरी तर एकदम गुणी आहे." खोटं बोलत नव्हते ते. त्यांना दिसत होतं तेवढंच सांगत होते.

माराने मुलगा शिकतो, पण काय शिकतो ते बघा: मोठं माणूस समोर असताना सांभाळून राहायचं, आणि ज्याच्या हातात जोर त्याचं चालतं. २०१६ साली एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या दोघा संशोधकांनी मुलांना चापट मारण्याच्या परिणामांवरचे ७५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत दीड लाखाहून जास्त मुलांची माहिती होती. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा आणि मनाचे त्रास जास्त आढळले, वागणं सुधारल्याचं दिसलं नाही. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्यावर बंदीच आहे. घरच्या माराला मात्र आपल्याकडे अजून संस्कार म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सासूबाईंच्या बोलण्यात एक गृहीत धरलेलं आहे: धाक वाढवायचा तर माया कमी करायची, आणि माया केली की धाक गेला. तसं नसतं. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात आई-बापांच्या वागण्याच्या तऱ्हा अभ्यासल्या. पुढच्या संशोधनातूनही हेच पुढे आलं की माया आणि शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकाच घरात भरपूर असू शकतात. नियम पक्का, पण कारण सांगितलेलं, आणि मुलाचं म्हणणं ऐकून घेतलेलं, अशा घरातली मुलं साधारणपणे जास्त सावरलेली असतात. तुमच्या घरी या दोन गोष्टींची वाटणी झालीय. शिस्त सगळी पप्पांकडे, माया सगळी तुमच्याकडे. त्या वाटणीत तुमचाही थोडा हात असू शकतो. "येऊ दे तुझ्या पप्पांना, मग सांगते," हे वाक्य घरात चालत असेल तर आजपासून बंद करा. बहिणीला ओरबाडलं तर त्याच वेळी, तुम्हीच, त्याचा हात धरून थांबवा. संध्याकाळवर ढकलू नका. नाहीतर बाप दारात दिसला की पोराच्या पोटात गोळा येतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्ष-दीड वर्षाच्या बाळांचं निरीक्षण केलं होतं. आई थोडा वेळ खोलीबाहेर जायची, मग परत यायची. आई गेल्यावर बाळ किती रडलं, यापेक्षा ती परतल्यावर ते तिच्याकडे कसं गेलं आणि शांत झालं का, यावरून त्यांचं नातं कळायचं. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने तान्ह्या बाळांच्या आयांना सांगितलं, खेळता खेळता चेहरा दगडासारखा करा. बाळ हसून बघायचं, हात पुढे करायचं, ओरडायचं, आणि शेवटी तोंड फिरवायचं. नेहमीच्या खेळातही आई-बाळाचे सूर सारखे चुकतात आणि पुन्हा जुळतात, हेही त्यांच्या कामातून दिसलं. म्हणजे रागावणं, बिनसणं हे होणारच. मुलाचं मन घडतं ते बिनसल्यानंतर काय होतं त्यावर.

आणि नेमकी इथेच आपल्याकडची घरं कमी पडतात. पोराला रागावून झालं की मोठं माणूस उठून जातं. रुसवा काढायला आजी येते, नाहीतर पाच रुपयांचा कुरकुऱ्याचा पुडा. ज्याने रागावलं तो स्वतः पोराजवळ जाऊन बसत नाही, कारण त्याने बापाचा मान जातो म्हणे. मान जात नाही. "मी जोरात ओरडलो, तू घाबरलास. ओरडायला नको होतं. पण बहिणीला मारायचं नाही, ते तसंच राहील," एवढं बापाने त्याच दिवशी, झोपायच्या आत म्हणावं. पुढे "तुझ्या भल्यासाठीच" वगैरे काही जोडू नये.

पप्पांना वेळ नसेल तर त्याचंही उत्तर आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी दर सोमवारी विचारते, "सर, आते रातनी लाइट शे का दिननी?" शेतीपंपाला वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. वडिलांनी तिला सांगून ठेवलंय: रातच्या लाइटीच्या आठवड्यात मी पाणी भरायला जाईन आणि सकाळी झोपेन, दिवसाच्या आठवड्यात संध्याकाळी तू आणि मी गोठ्यात. संध्याकाळी ती बादली धरते, तो धार काढतो, आणि तिच्या गप्पा चालतात. तेवढाच वेळ, पण ठरलेला. ही मुलगी वर्गात चुकलेलं गणित न घाबरता दाखवायला येते.

आई-बापच जवळ नसले तर सगळं संपलं, असंही नाही. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोरं आजीकडे राहतात. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांवर एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक दशकं लक्ष ठेवलं. कठीण परिस्थितीतल्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात जीव लावणारं एक तरी मोठं माणूस होतं, कधी आजी-आजोबा, कधी शिक्षक.

सगळं नात्यावरही ढकलू नका. काही मुलं जन्मतःच तापट असतात. "ऐकतच नाही" म्हणून मार खाणाऱ्या मुलाला खरंच कमी ऐकू येत असतं, हे मी पाहिलंय. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा कान-डोळे नीट तपासायला सांगा. अंगावर वळ उठण्याइतका मार असेल तर मात्र थांबू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो.

नवऱ्याशी मुलासमोर वाद घालू नका आणि माझं हे उत्तरही त्यांच्यापुढे धरू नका. त्याआधी सासूबाईंजवळ निवांत बसा आणि विचारा, हे सात वर्षांचे होते तेव्हा मामंजींना किती घाबरायचे? बहुतेक त्या बरंच सांगतील. नवऱ्याशी बोलायला तिथून सुरुवात करा.