वाचकांचे प्रश्न : बेने इस्रायली लग्नातला मलिदा, अंगठी आणि पेला

प्रश्न : शेजारच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू कुटुंबात लग्न आहे. मेंदीच्या दिवशी मलिदा करायला मला बोलावलंय. तो बिघडू नये म्हणून काय सांभाळावं?

उत्तर : मलिदा हा बेने इस्रायलींचा स्वतःचा, कोकणात रुजलेला विधी. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण करून देवाचे आभार मानायचे. त्यात गोड पोह्यांचं ताट मांडतात, त्यालाही मलिदाच म्हणतात. अर्धा किलो जाड्या पोह्यांना एका मोठ्या नारळाचा चव, दीड ते दोन वाट्या साखर, चमचाभर वेलचीपूड आणि बदाम-पिस्ते-बेदाणे. पोहे भिजत घालू नका. चाळणीत घेऊन वरून पाणी ओता आणि दहा मिनिटं निथळू द्या. साखर अगदी शेवटी, ताट मांडायच्या थोडं आधी घाला. लवकर घातली तर पाणी सुटतं आणि पोह्यांचा गोळा होतो. लग्नघरी जेवायला बहुधा मटण असतं, म्हणून दूध-तूप वर्ज्य, कारण मांस आणि दूध एकत्र खात नाहीत. ओल्या नारळाने काम भागतं.

ताटात फळंही लागतात. इथे बरेचजण चुकतात : सफरचंद, खजूर ठेवले की झालं असं वाटतं. पण झाडाच्या फळाची बराखा, म्हणजे खाण्याआधी म्हणायचं आशीर्वचन, वेगळी आणि जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. केळीचं खोड घड दिल्यावर मरतं, म्हणून धर्मशास्त्र तिला झाड मानत नाही; केळं या दुसऱ्या बराखासाठी हवंच. सुगंधाच्या बराखासाठी गुलाब किंवा सब्जा ठेवा.

प्रश्न : नवरीला हिऱ्याची अंगठी द्यायची आहे. ती विधीत चालेल का?

उत्तर : हौसेची म्हणून जरूर द्या, विधीसाठी मात्र खड्याविना साधी अंगठी घ्या. वधू अंगठीची किंमत मान्य करून विवाहाला संमती देते. खड्याची किंमत डोळ्यांना कळत नाही, मग संमती चुकीच्या अंदाजावर दिली असा आक्षेप राहतो. अंगठी नवऱ्याच्या मालकीचीच असावी, उसनी नको. ती उजव्या हाताच्या तर्जनीत घालतात. दोन साक्षीदार लागतात आणि ते नात्यातले चालत नाहीत, म्हणून सख्खा भाऊ किंवा काका उभा करू नका. ही अडचण ऐन वेळी लक्षात येते.

प्रश्न : नवऱ्याने पायाखाली काचेचा पेला फोडला की लग्न लागलं, असं म्हणतात. खरं का?

उत्तर : नाही. लग्न लागतं ते साक्षीदारांसमोर अंगठी देण्याने, कतूबा म्हणजे विवाहकरार वाचण्याने आणि सात आशीर्वादांनी. कतूब्यात पहिल्यांदा लग्न होणाऱ्या वधूसाठी 200 झूझ (प्राचीन चांदीची नाणी) आणि विधवेसाठी 100 झूझ ही मूळ रक्कम असते. पेला ही नंतर आलेली चाल आहे. एका रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, मुलाच्या लग्नात पाहुणे फारच रंगात आलेले पाहून 400 झूझचा पेला फोडला, अशी तालमूद या ज्यू धर्मग्रंथात हकिकत आहे. पुढे इ.स. 70 मध्ये पाडल्या गेलेल्या जेरुसलेमच्या मंदिराची आठवण या चालीला जोडली गेली : आनंदाच्या घडीलाही ते दुःख विसरायचं नाही. पेला पातळ काचेचा घ्या, जाड बुडाचा पायाखाली फुटत नाही, घसरतो. जाड रुमालात दोन वेढे गुंडाळा आणि नवऱ्याला कडक तळव्याचे बूट घालायला सांगा.