लिस्टोवेलच्या बंद रेल्वेमार्गांचा अभ्यास सुरू करताना

आयर्लंडच्या केरी परगण्यातील लिस्टोवेल या बाजारपेठेच्या गावाचा इतिहास आपण अभ्यासायला घेतलात याचा मनापासून आनंद झाला. मात्र तेथील दोन रेल्वेमार्गांची गल्लत होऊ देऊ नका. लिमरिकहून ट्रॅलीला जाणारा रुंद रुळांचा (ब्रॉडगेज) मार्ग १८८० मध्ये लिस्टोवेलमार्गे पूर्ण झाला आणि त्यावरील प्रवासी वाहतूक १९६३ मध्ये थांबली. बॅलीबनियन या किनाऱ्यावरील गावाला जाणारा लार्टिग एकरुळी मार्ग (एकाच रुळावर चालणारी रेल्वे), जो १८८८ ते १९२४ या काळात चालला, शोधायला अधिक अवघड आहे. त्याचा रूळ जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर, पाय फाकवून उभ्या केलेल्या लोखंडी आधारांवर बसवलेला होता (डबे रुळाच्या दोन्ही बाजूंना लोंबत, म्हणूनच दोन्हीकडचा भार सारखा ठेवावा लागे). त्यामुळे मोठे भराव घालण्याची फारशी गरज पडली नाही आणि मार्ग उखडल्यावर शेतांत ठळक खुणाही उरल्या नाहीत. म्हणून पायपीट करण्याआधी सर्वेक्षण खात्याचे जुने पंचवीस इंची (एका मैलाला पंचवीस इंच या प्रमाणाचे) नकाशे पाहावेत. त्यानंतर १९०१ आणि १९११ च्या जनगणनेच्या घरोघरच्या नोंदींत रेल्वे कामगारांची कुटुंबे शोधावीत. माझ्या मते, इतके जिवंत साधन दुसरे नाही. खासगी शेतात शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी अवश्य घ्यावी.